नळ नसलेला बंब

कॅनडात ब्रॅम्पटनला बेसमेंटमध्ये राहायचो तेव्हा आमच्या घराचा थर्मोस्टॅट वरच्या मजल्यावर, मालकांच्या हॉलमध्ये होता. मालक वाईट नव्हते. सकाळी कामाला जाताना ते थर्मोस्टॅट खाली करून जायचे इतकंच, आणि मग खाली आम्ही कानटोप्या घालून जेवायचो. अप्पा वेअरहाऊसमध्ये पाळीवर, आईला दमा, भिंतींना ओल. बारावीचा सगळा अभ्यास मी ड्रायरला पाठ लावून केला, कारण कपडे वाळत असले की तेवढीच ऊब. हे मी लाजून सांगत नाही. कुठून निघालो ते सांगितल्याशिवाय आत्याबद्दल सांगता येत नाही, म्हणून सांगते.

त्या बेसमेंटमध्ये आत्या पहिल्यांदा आली तेव्हा पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने भिंतीला हात लावला. तळवा नाही, हाताची मागची बाजू, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी. मग दुसऱ्या भिंतीला, मग वाकून फरशीला.

“घराचं अंग गार पडलंय गं सुमन,” ती आईला म्हणाली.

“वन्सं, आधी चहा तर घ्या,” आई म्हणाली.

आत्याने चहा घेतला, पण कप हातात धरून ती भिंतीकडेच बघत राहिली. पुढे ती कुठेही गेली, देवळात, दवाखान्यात, कुणाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला, तरी आधी भिंतीला हात लावायचीच. लोकांना वाटायचं, बाई रंग बघतात.

आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला. कराडला मुलींच्या वसतिगृहात पाणी तापवायचं काम तिने जन्मभर केलं. पुरुषभर उंचीचा तांब्याचा बंब होता तिथे. दिवस उगवायच्या आत तो पेटवायचा, आणि मग बादल्या घेऊन मुलींची रांग लागायची. “मावशी, पाणी तापलं का?” हे वाक्य तिने इतक्या गळ्यांतून ऐकलं होतं की ती त्याच्या नकला करून दाखवायची. एक झोपाळू मुलगी, एक सर्दी झालेली, एक परीक्षेला घाबरलेली. मुली न्हाऊन, वेण्या घालून कॉलेजला जायच्या आणि आत्या मागे राख भरत बसायची. त्या राखेतूनच तिने आपल्या सुनीलला इंजिनियर केलं. सुनीलदादाला मार्कहॅममध्ये नोकरी लागली आणि तो आईला इकडे घेऊन आला.

पण मार्कहॅमच्या कॉन्डोत तिचा जीव रमेना. तिथे ऊब छतातून यायची की जमिनीतून, हेच तिला कळायचं नाही. “जाळ नाही, धूर नाही, राख नाही,” ती म्हणायची. “बटण दाबायचं नि गप बसायचं. चिडायचं झालं तर कुणावर चिडू?”

मग अप्पा ट्रक शिकले, लांबच्या फेऱ्या मारू लागले, आणि आम्ही इकडच्याच लंडन नावाच्या शहराबाहेर शेतांमधलं एक जुनं घर घेतलं. त्या रस्त्यावर गॅसची लाइन नव्हती. घर तापवायला मागच्या अंगणात एक लाकडाची भट्टी होती. पत्र्याची, पानाच्या टपरीएवढी, वर धुराडं. आत लाकडं जळायची, जाळाभोवती पाणी तापायचं, आणि ते पाणी जमिनीखालच्या नळ्यांतून घरात येऊन खोल्याखोल्यांतून फिरून परत जायचं. अप्पा तिला फर्नेस म्हणायचे.

घर बघायला म्हणून आत्या चार दिवसांची बॅग घेऊन आली. अंगणात गेली, भट्टीभोवती एक फेरी मारली, लोखंडी दार उघडून आत डोकावली आणि तिथेच थबकली. तिचा चेहरा मला आजही दिसतो. माहेरचं माणूस परक्या स्टेशनवर भेटावं तसा झाला होता.

“अरे, हा तर बंबच की,” ती अप्पांना म्हणाली. “पण ह्याचा नळ कुठाय?”

“नळ नसतो अक्का. पाणी आतल्या आतच फिरतं.”

“मग बादली कुठं लावायची?”

“बादली नाही लावायची. सगळं घरच बादली समज.”

आत्या हसली, आणि चार दिवसांची बॅग तिने पुरती रिकामी केली.

त्याच उन्हाळ्यात मला लंडनच्या युनिव्हर्सिटीत नर्सिंगला अॅडमिशन मिळाली. आमच्या घरातली एकही मुलगी तोवर कॉलेजची पायरी चढली नव्हती. आनंद दोन दिवस टिकला. मग आई म्हणाली, भट्टी कोण बघणार? रोज सकाळ-संध्याकाळ लाकडं घालायची, राख काढायची. अप्पा आठवडा आठवडा रस्त्यावर. आईला धूर आणि गार वारा दोन्ही वर्ज्य. मला वर्गासाठी शहरात खोली घेऊन राहावं लागणार. आणि हिवाळ्यात जाळ विझून राहिला तर नळ्या गोठून फुटणार, घर सोडावं लागणार, पुन्हा कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये. मी शहाण्यासारखं म्हटलं, एक वर्ष थांबते. मनातून मला ठाऊक होतं की थांबलेल्या मुली थांबूनच राहतात.

आत्या शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “थांबायचं कशाला? बंब मी बघते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोरी न्हाऊ घालून कॉलेजला धाडल्या. एक आपली धाडू दे की.”

सुनीलदादाने फोनवर खूप समजावलं. ती म्हणाली, “येते की रे. थंडी सरली की येते.” हे तिचं पुढे चार हिवाळ्यांचं उत्तर झालं.

लाकडं आणायला आम्ही हँकच्या रानात जायचो. हँक शेजारचा शेतकरी, म्हातारा, एकटा, कमी बोलणारा. त्याच्या रानातली अॅशची झाडं कीड लागून उभ्या उभ्या वाळली होती. ती पाडून घेऊन जा म्हणाला. अप्पा चेनसॉ चालवायचे, मी ओंडके ट्रेलरवर टाकायचे, आणि आत्या नऊवारीवर अप्पांचा जुना जाड पार्का कोट घालून, पायात बर्फाचे बूट, अशी पानगळीच्या पिवळ्या उजेडात हिंडत असायची. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून कान देऊन ऐकायची. खणखणीत वाजलं की ट्रेलरमध्ये. बद्द वाजलं, म्हणजे आत ओल, की बाजूला. “हे पुढच्या सालाला. आत्ता लावलं तर नुसतं रडत बसंल.” मध्येच कामं टाकून ती झाडांकडे तोंड करून उभी राहायची. बाकीच्या झाडांची पानं गळत असायची, कुठेतरी वर बदकांचा थवा ओरडत दक्षिणेला निघालेला असायचा, आणि आत्या पुटपुटायची, “कसं निवांत मेलंय बघ झाड. उभ्यानं.” मला ते भीतिदायक वाटायला हवं होतं, पण तिच्या तोंडून ते अंगाईसारखं वाटायचं.

पहिल्याच दिवाळीला तिने एक पराक्रम केला. आमच्याकडे नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी बंब रिकामा करून, चिंचेने घासून, झेंडूची माळ घालून नवं पाणी भरतात. अप्पा विनिपेगकडे गेले होते. मी शनिवारी घरी आले तर अंगणभर पाणीच पाणी, त्यातून वाफा निघतायत, आणि त्या वाफांत आत्या चिंचेच्या चोथ्याने भट्टीचं दार घासतेय. जाळ तिने स्वतः विझवला होता आणि तळाची चावी फिरवून भट्टीतलं सगळं पाणी काढून टाकलं होतं. भोवती रांगोळी काढून झाली होती. आई दारात दोन स्वेटर घालून उभी होती. “मी सांगितलं गं, पण वन्सं ऐकतात होय.”

वाफा बघून हँक पिकअप घेऊन धावत आला. त्याला वाटलं काहीतरी फुटलं. आत्याने त्याला शांतपणे एकच शब्द सांगितला, “दिवाली.” हँकने टोपी काढून डोकं खाजवलं. मग मला म्हणाला, हे पाणी कधी काढायचं नसतं, यात गंज धरू नये म्हणून औषध घातलेलं असतं. मी आत्याला ते सांगितलं.

“पाण्यात औषध?” आत्या म्हणाली. “मग आधी नाही का सांगायचं. मी बापडी आजारी माणसाला उघड्यावर न्हाऊ घातलं.”

हँकने घरून औषधाचा कॅन आणला, विहिरीच्या पंपाला रबरी नळी लावली, आणि अंधार पडेपर्यंत भट्टी भरत राहिला. आत्याने कॅनला हळदकुंकू लावलं. हँकच्या कपाळालाही लावलं. घरी जाताना त्याने ते पुसलं नाही. पुढच्या वर्षापासून तडजोड ठरली. दार घासायचं, माळ घालायची, आणि वरच्या झाकणातून फक्त एक तांब्या नवं पाणी ओतायचं. तेवढ्याला हँकची परवानगी होती.

शुक्रवारी संध्याकाळी मी घरी यायचे. शहर मागे पडलं की दोन्ही बाजूंना नुसतं पांढरं. रस्ता कुठला, शेत कुठलं, आभाळ कुठलं, काही कळायचं नाही. हीटर लावलेल्या गाडीत माझे डोळे जड व्हायचे, आठवडाभरातल्या पेशंटचे चेहरे त्या पांढऱ्यात तरंगत राहायचे. आणि मग वळणावर तो धूर दिसायचा, निळसर, सरळ, पेन्सिलीने काढल्यासारखा. धूर दिसला की मी फोन लावायचे.

“आत्या, पाणी तापलं का?”

“तापलंय. ये.”

चौथ्या हिवाळ्यात, माझ्या शेवटच्या परीक्षांच्या तोंडावर, आत्या भट्टीसमोरच्या बर्फावर घसरली. उजवं मनगट मोडलं. मी लगेच म्हटलं, मी घरी येते, परीक्षा पुन्हा देता येईल.

“आलीस तर बघ,” ती फोनवर म्हणाली. आवाज बारीक झाला होता, पण धार होती. “चार वर्षांची लाकडं मी तू घरी येऊन बसावंस म्हणून जाळली काय?”

त्या संध्याकाळी मार्कहॅमहून सुनीलदादा आला. तिला घेऊन जायलाच आला होता. आल्याआल्या त्याची बोलणी सुरू झाली.

“आई, बास झालं आता. गाडीत बस.”

“बसते की. जाळ उतरलाय, तेवढा सारखा करून ये. मग बसते.”

दादा कुरकुरत अंगणात गेला. हे सगळं मला आईने नंतर फोनवर सांगितलं. आई म्हणाली, तो बराच वेळ आलाच नाही. खिडकीतून बघितलं तर भट्टीचं दार उघडं, आणि दादा उकिडवा बसून एकेक ओंडका हळूच आत सरकवतोय, मध्ये वाऱ्याला वाट ठेवतोय. कुणी सांगितलं नव्हतं. वसतिगृहाच्या बंबाशेजारी वाढलेला मुलगा तो. हात विसरले नव्हते. आत आला तेव्हा डोळे लाल होते. धुराने, असं तो म्हणाला.

“शाळेत माझ्या शर्टाला ह्याचा वास यायचा,” तो आत्याला म्हणाला. “पोरं बाक सोडून लांब बसायची. मी ठरवलं होतं, पुन्हा म्हणून जाळापाशी जायचं नाही.”

“मग आता?” आत्याने विचारलं.

“आता काय. तिची परीक्षा कधी संपतेय?”

तो राहिला. स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून मीटिंगा करायचा आणि मध्येच “बी राइट बॅक” म्हणून लाकडं घालायला पळायचा. आत्या खिडकीत खुर्ची टाकून डाव्या हाताने खुणा करायची. आई म्हणायची, मायलेक इतक्या वर्षांत एवढं बोलले नसतील.

पदवीदान समारंभाला आत्या नवी पैठणी नेसून आली. हॉलमध्ये शिरताना भिंतीला हात लावला, मान डोलावली. मी गाऊन घालून बाहेर आले तेव्हा तिने तोच हात, तीच मागची बाजू, माझ्या कपाळाला लावली. तिच्या पैठणीला अॅशच्या धुराचा वास होता.

मग ती शब्द दिल्याप्रमाणे मार्कहॅमला गेली, कारण थंडी सरली होती. पुढच्या पानगळीत, दिवाळीच्या थोडं आधी, दुपारी तिला डुलकी लागली, ती पुन्हा उठलीच नाही. दादाने फोन केला तेव्हा मी वॉर्डात होते. घरी आले तर हँक अंगणात भट्टीचं दार घासत उभा होता. चिंच कुठे मिळते ते त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने व्हिनेगर आणलं होतं.

आता घरी राहून लाकडं मी घालते, आणि नव्या पाण्याचा तांब्याही मीच ओतते. आई आत उबेत असते, दम्याचा पंप कपाटात पडून असतो. चार हिवाळ्यांत आत्याचा बंब एकदाच विझला, तोही तिने स्वतःच विझवला, दिवाळीसाठी. माझा एकही वर्ग बुडाला नाही. मी लंडनच्या हॉस्पिटलात नर्स आहे, आणि आमच्या घरातली पहिली पदवीधर मुलगी आहे.