क्लच सोडतानाचा आवाज

नवरा गेल्यावर आमची जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप मी चालवायला घेतली. क्लच सोडला की खालून खाडकन आवाज यायचा. मोडकी गाडी माझ्या गळ्यात मारून गेला, म्हणून मी चिडले. रडू मात्र अजून आलं नव्हतं.

सिन्नरच्या मिस्त्रीने गाडीखाली शिरून चाकांकडे जाणारा शाफ्ट हाताने हलवला आणि माझी बोटं शाफ्टच्या सांध्यावर ठेवायला लावली. सांधा ढिला होता, बोटांखाली खट्ट व्हायचं.

"हा प्ले, म्हंजे ढिलेपणा, लय वर्षांचा हाय, ताई. आधी चालवणारा माणूस क्लच एकदम हळू सोडत असणार, म्हणून आवाज आला नाय."

मी बोटांचं ग्रीस पुसत राहिले. शेजारी बसून मी नवऱ्याला कायम म्हणायचे, "सोड की क्लच लवकर, मागचे हॉर्न मारतायत."