शेजारणीबरोबर नाचाच्या वर्गाला

नोव्हेंबरात एके दिवशी हॅम्बर्गच्या एस-बान लोकलमध्ये मी शेजारणीच्या अगदी समोर बसले होते. ती वृद्धाश्रमात नर्स. आईवडील घानाचे, ती स्वतः जन्मापासून इथलीच. भर दुपारी एक माणूस डब्यात चढला, सरळ तिच्यापाशी आला आणि केस मुठीत धरून त्याने तिचं डोकं खिडकीवर आपटलं. "तुझ्या देशात परत जा," म्हणाला, आणि पुढच्या स्टेशनवर शांतपणे उतरून गेला. मी जागची हलले नाही. तोंडातून आवाजही निघाला नाही.

जखम आठवड्याभरात भरली, पण ती घराबाहेर पडेना. जिन्यात कुणाची पावलं वाजली की तिच्या दाराची साखळी लागल्याचा आवाज यायचा. मीही गाडीत दारापाशीच उभी राहायला लागले.

जानेवारीत ती माझ्याकडे आली. "शनिवारी काही काळ्या बायका जमतात. नाचतात. अंगात रुतून बसलेली भीती अशाने बाहेर पडते म्हणे. पण गाडीत एकटीला बसवत नाही मला. येशील?"

"त्या दिवशी मी काहीच केलं नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे. मी तुझ्याकडेच बघत होते." तिने पुन्हा विचारलं, "येशील?"

गेलो. चार स्टेशनं आम्ही दारापाशीच उभ्या राहिलो.

हॉलच्या दारात शिकवणाऱ्या वयस्क बाईंनी मला थांबवलं. "हा तास आमच्यापुरता असतो. तुम्ही इथे बसा." मी बाकावर बसले. दाराच्या काचेतून आतलं दिसत होतं. ढोल सुरू झाला, दहाबारा बायका अनवाणी पाय आपटू लागल्या, आणि माझी शेजारीण कान झाकून मटकन खाली बसली. मी घाबरून उठले. आत मात्र कुणी तिला उठवलं नाही. ढोल थांबला. सगळ्या तिच्याभोवती जमिनीवर बसल्या आणि बसल्या बसल्याच डुलू लागल्या. तास संपेपर्यंत तेवढंच.

पाचव्या शनिवारी तिचे खांदे हलले. मग कंबर, मग पाय. अचानक मान मागे टाकून तिने अशी किंकाळी फोडली की मी दाराच्या मुठीला हात घातला. बाकीच्या थांबल्या नाहीत. ढोल उलट वाढला, आणि ती रडत, घामाने भिजत नाचत राहिली.

बाहेर आल्यावर म्हणाली, "भूक लागलीये."

आता ती एकटी जाते. भीती गेलेली नाही, असं तीच सांगते. पोचल्याचा तिचा मेसेज येईपर्यंत मी फोन हातातून खाली ठेवत नाही.