चौथ्या प्रश्नाचं कुलूप

चहा येईस्तोवर एक कबुली देऊन टाकते. मध्येमध्ये हसू नका, शेवटी एकदाच काय ते हसा. अठरा वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. अपूर्णांक तर मी झोपेतही सोडवीन अशी माझी ख्याती होती. निदान माझ्या मनात तरी होती. आणि अशा मला एका रविवारी, शेंद्र्याजवळच्या एका गावात, भर सभेत, माझ्याच आवाजानं तीन वेळा नापास केलं.

झालं असं की शाळा सोडून मी शहरातल्या एका छोट्या संस्थेत लागले. काम काय, तर मुलांसाठी मोबाइलवरचे धडे तयार करायचे. पहिला धडा मी ऑफिसातल्या भल्यामोठ्या स्क्रीनसमोर बसून केला. तिथं तो फार देखणा दिसायचा. मोबाइलवर उघडला तर अक्षरं मुंग्यांएवढी! आमचे संचालक शांत माणूस. म्हणाले, "मॅडम, अजून एक संधी. एका गावात महिनाभर चालवून बघू. जमलं तर धडे अख्ख्या तालुक्यात जातील. नाही जमलं तर हे काम बंद, आणि मग तुमचंही…"

पुढचं ते बोलले नाहीत. मला मात्र नीट ऐकू आलं.

आता दुसऱ्यांदा चूक करून चालणार होतं का? मी खूप विचार केला. मुलांच्या हातात मोबाइल आला की मुलं काय करतात? गेम खेळतात. मग मी धड्याला कुलूपच लावलं. रोज सकाळी नऊला पाच प्रश्न येणार. पाचही बरोबर येईपर्यंत फोनवर दुसरं काहीही उघडणार नाही. उत्तर चुकलं की दोन मिनिटं गप्प बसायचं आणि मग पुन्हा.

आमच्या प्रोग्रामरनं विचारलं, "मॅडम, खरंच अख्खा फोन बंद करायचा?"

"अख्खा."

"कुणाला फोन लावायचा असला तर?"

"सातवीतल्या पोराला कुणाला फोन लावायचाय? आलेला उचलता आला म्हणजे पुष्कळ झालं."

मुलांना माया वाटावी म्हणून आवाज माझाच दिला. बरोबर आलं की "शाब्बास, बाळा!" आणि चुकलं की "पुन्हा प्रयत्न कर, बाळा!" बाळा म्हणताना मी घसा जरा मऊ केला होता. चांगला जमला होता तो.

उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या दिवशी मी त्या गावच्या शाळेत गेले. सातवीत पंचवीस मुलं. विचारलं, "घरी मोबाइल कुणाकुणाकडे आहे?" पंचवीस हात वर! मी धन्य झाले. पहिल्या बाकावरची प्रांजल नावाची मुलगी हात वर ठेवूनच म्हणाली, "मॅडम, फोन हाये, पण…"

मी म्हटलं, "पण-बिण काही नाही. अभ्यासात पण नसतो."

तिनं हात खाली घेतला. तो प्रसंग मला अजूनही आठवतो. तेव्हा तिचं वाक्य पुरं होऊ दिलं असतं तर आज तुम्हाला नुसताच चहा मिळाला असता.

मुलांनी दिलेल्या नंबरांवर मी 'मुलांच्या अभ्यासाचं आहे' असं लिहून धडे पाठवून दिले. महिना सुरू झाला, आणि काय सांगावं, निकाल दृष्ट लागण्यासारखा! रविवार सोडून रोज पंचवीसच्या पंचवीस फोनवर धडा पूर्ण. तोही कधी? दहा ते सव्वादहाच्या मधे. एक जण मागे नाही, एक जण पुढे नाही. मी अहवालात लिहिलं, 'ग्रामीण विद्यार्थ्यांमध्ये वेळेची शिस्त उपजतच असते.' संचालकांनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि तालुक्याच्या शिक्षण खात्यातल्या साहेबांना गावात यायचं आमंत्रण दिलं. साहेबांनी हो म्हटलं की तालुका आमचा.

रविवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी, वर पत्र्याला टेकलेला पंखा, समोर मुलं आणि मागं सुट्टी असल्यानं झाडून सगळे बाप. मी बोलायला उभी राहिले, "नमस्कार, बाळांनो," आणि मागची अख्खी रांग एकदम ताठ झाली. एक जण शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, "हीच ती! आवाज वळखला का?" मला वाटलं, माझी कीर्ती मुलांनी घरी पोचवली. मी आणखी खुलले.

साहेब म्हणाले, "मॅडम, एक धडा करून दाखवा की."

मी माझा लाडका धडा उघडला, अपूर्णांकांचा. फोन पडद्याला जोडला. पहिले तीन प्रश्न असे चुटकीसरशी. शाब्बास, बाळा. शाब्बास, बाळा. शाब्बास, बाळा. चौथा: पुढीलपैकी सर्वांत मोठा कोणता? तीन छेद आठ, एक छेद दोन, पाच छेद आठ, तीन छेद चार. मी तीन छेद चारवर बोट ठेवलं.

"पुन्हा प्रयत्न कर, बाळा!"

बोट घसरलं असणार. आता दोन मिनिटं थांबणं आलं. सभेतली दोन मिनिटं फार मोठी असतात हो. साहेबांनी हारातली एक पाकळी तोडली. संचालकांनी सत्काराचा नारळ सगळ्या बाजूंनी नीट बघितला. मी पुन्हा तीन छेद चार दाबलं.

"पुन्हा प्रयत्न कर, बाळा!"

आणखी दोन मिनिटं. तिसऱ्यांदाही मी तेच दाबलं. अठरा वर्षांचा अनुभव होता ना! पुन्हा बाळा. आता मुलं तोंडावर हात ठेवून हसायला लागली. तेवढ्यात मागून एक दणकट गृहस्थ उठले. प्रांजलचे वडील, सांडूभाऊ.

"मॅडम, पाच छेद आठ दाबा."

"अहो, ते चूक आहे."

"व्हय, चूकच हाय. पाऊण म्हंजे सहा छेद आठ झालं, त्येच मोठं. पण तुमच्या फोनात चूकच दाबाय लागतंय, त्याबिगर उघडत नाय."

मी दाबलं.

"शाब्बास, बाळा!"

सगळा व्हरांडा हसला. साहेबही. उत्तरं भरताना माझाच हात एक घर वर पडला होता. साहेबांनी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?"

"आमालाच सोडवाय लागतंय ना साहेब! आमी समदे शेंद्र्याच्या येकाच कंपनीत, तिथं आत फोन नेऊ देत नाय. दहाला चहाची सुट्टी झाली का लॉकरमधून काढायचा, तर ह्यो बंद. घरी फोन लागंना, काय लागंना. मंग समदे कँटीनमधी बसून गणितं करू ऱ्हायलो. ह्या चवथ्यानं तर लई छळलं. पंचवीस जणांनी येगयेगळं दाबून पाह्यलं तवा घावलं."

"मग काढून का नाही टाकलं?" मी विचारलं.

ते चकित झाले. "पोरांच्या अभ्यासाचं हाय म्हणले तुमी. कसं काढावं?"

मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रांजल हळूच म्हणाली, "मॅडम, मी तवाच सांगू ऱ्हायले व्हते. फोन हाये, पण पप्पांचा हाये."

साहेबांनी तिला जवळ बोलावलं. "मग तू काहीच शिकली नाहीस?"

"शिकले ना. पप्पा रोज संध्याकाळी भाकरीवर शिकवत्येत. पाऊण मोठी, तिच्यात आठातले सहा तुकडे येत्येत. पण मॅडमच्या फोनात येगळं ऱ्हातंय, असं पप्पा म्हणले."

साहेबांनी तालुका दिला. पण अट घातली: कुलूप काढा, धडा संध्याकाळी पाठवा, बापलेकांनी मिळून सोडवायचा. आणि बाहेर पडण्याआधी प्रत्येक धडा सांडूभाऊंच्या नजरेखालून गेला पाहिजे. माझी नोकरी वाचली, ती सातवीत शाळा सुटलेल्या माणसाच्या भरवशावर.

परवाच नवा धडा तपासायला पाठवला. या वेळी उत्तरं मी तीनदा पाहिली होती. सव्वादहाला फोन वाजला. चहाच्या सुट्टीत सांडूभाऊंनी आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता, घसा जरा मऊ करून:

"मॅडम, चवथा पुन्हा प्रयत्न करा."

बाळा म्हणाले नाहीत, एवढाच काय तो त्यांनी माझा मान ठेवला.