शेगडीचा पाऊस कोणाचा

ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, अक्षर लागत नसेल, तर ही वही उघडणाऱ्याने माफ करावं. चौथीनंतर मी किराणाच्या यादीपलीकडे फारसं लिहिलेलं नाही. पण ही पावसाची गोष्ट डोक्यात नीट बसत नाही, म्हणून लिहून बघते.

आमचे हे इकडे हिंदी मुलखात, खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात आहेत, आणि पनागरजवळ आमचं मटाराचं थोडं शेत आहे. दोन वर्षांमागे भादव्यात पाऊस थांबला. पेरायला ओल नव्हती. तिथल्या मटारवाल्यांनी वर्गणी काढून एका माणसाला बोलावलं. तो शेगडीत चांदीचं कसलंसं मीठ जाळून धूर ढगाकडे सोडायचा. माझे पापडाचे तीन हजार त्यात गेले. त्याने आधीच कागदावर सह्या घेतल्या की ढग असेल तरच काम होईल, आणि पावसाची हमी नाही.

शेगडी पेटवल्यावर तिसऱ्या दिवशी पनागरला भुरभुर आली. आमच्या घरची रीत अशी की पोरं कडुलिंबाचा पाला बांधून धोंडी मागत फिरली आणि पाऊस आला, तर लेकीच्या सासरी गुळाचा शिरा जातो. त्या वर्षी धोंडी नव्हती, शेगडी होती. तरी मी सवयीने शिरा केला आणि डबा ह्यांच्याबरोबर पनागरच्या पुढे सिहोऱ्याला धाकट्या नणंदेकडे पाठवला.

डबा तसाच परत आला. सिहोऱ्यात धो-धो पडला होता. तिचा कापलेला उडीद शेतात भिजत पडला होता, पुढे शेंगांतच कोंब फुटले. मी भेटायला गेले तर ती दारातच म्हणाली, "वहिनी, पाऊस देवाचा असता तर मी कोणाला काय म्हणली असती? पण शिरा तुम्ही पाठवला. मग पाऊस तुमचाच झाला ना?"

मी दारातूनच परतीची बस धरली.

घरी हे म्हणाले, "पैसे आपण भरले अन् माल सिहोऱ्याला उतरला." मुलगी कॉलेजात शिकते. ती म्हणाली की त्या कणांवर ढगातलं पाणी गोठतं, मग ते जड होऊन खाली येतं, एवढं खरं. पण तो पाऊस तसाही पडला असता का, ते कोणी सांगू शकत नाही.

मटारवाले फी परत मागायला गेले, मीही मागे उभी होते, नणंदेच्या उडदाचं सांगितलं. तो माणूस शांतपणे म्हणाला, "बारिश मेरी नहीं थी, तो दीदी के उड़द का झगड़ा कैसा? और मेरी थी, तो फीस वापस काहे की?" सगळे तसेच परत फिरले. मला दोन्ही बाजू बरोबर वाटल्या. वकिलाला विचारलं. तो म्हणाला, ढग कोणाचा असं सांगणारा कायदा मला तरी माहीत नाही, सिद्धही होणार नाही, तुम्ही काही देणं लागत नाही.

त्या दिवाळीत भाऊबीजेला नणंद आली नाही. ह्यांच्यासाठी मांडलेला पाट मी संध्याकाळी उचलला. हे त्या रात्री जेवले नाहीत.

मग मी तिला फोन केला आणि उडदाचं नुकसान विचारलं. नऊ हजार म्हणाली. थोडे थोडे देईन म्हटलं. हे चिडले, "काहून देऊन राहिली? वकील नाही म्हणला ना?" पाऊस माझा नव्हता असंही म्हणवत नव्हतं, कारण त्या दिवशी मला तो आपलाच वाटला होता. माझा होता असंही म्हणवत नव्हतं.

पापड विकून पैसे साठले की मी बसने सिहोऱ्याला जायचे. पहिल्यांदा तिने दारातच घेतले. नंतर चहा द्यायला लागली. मागच्या महिन्यात शेवटचे सातशे घेऊन गेले. तिने विचारलं, "खरं सांगा वहिनी, पाऊस तुम्हीच पाडला होता?"

"मला नाही माहीत गं," मी म्हटलं.

तिने नोटा दोनदा मोजल्या आणि म्हणाली, "चलो, नऊ हजार पुरे झाले."