आधीच्या मालकांचा चार्ज

इतका सज्जन आणि तरी इतकी झोप उडवणारा माणूस अख्ख्या पुण्यात दुसरा झाला नसेल, असं मी आजही छातीठोकपणे सांगते. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण आमच्या घरात ते कधी कुणी घेतलंच नाही. बिबवेवाडीतला दुसऱ्या मजल्यावरचा आमचा फ्लॅट आम्ही ज्यांच्याकडून विकत घेतला ते, म्हणजे आधीचे मालक. एका सरकारी खात्यात जन्मभर स्टोअरकीपर होते. बायको वारलेली, मूलबाळ नाही, आता साताऱ्याला बहिणीकडे जायचं म्हणून जागा विकलेली. होळीच्या दोन दिवस आधी खरेदीखताची नोंदणी झाली आणि तिथल्याच पायऱ्यांवर ते आमच्या ह्यांना म्हणाले, "पंधरा दिवस राहू द्याल का? सगळं नीट ताब्यात देऊन जातो." आमच्या ह्यांना कुणी हात जोडले की ते काहीही कबूल करून बसतात. "अहो, खुशाल राहा," म्हणाले. कागद नाही, चिठोरं नाही, नुसता तोंडी मामला.

आम्ही तेव्हा नारायण पेठेत दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. घरमालकांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि अक्षय्यतृतीयेच्या आत खोल्या रिकाम्या करून द्यायच्या होत्या. घरमालकीणबाई जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "काय, हलताय ना? का आमच्या नव्या सुनेला तुमच्यातच झोपवू?" मी हसायची आणि आत येऊन दिवस मोजायची. आयुष्यभराची पुंजी घालून जागा घेतली, आणि राहायला मात्र कुठे नाही, असं झालं तर? त्यात माझा धाकटा भाऊ. तो एका वकिलांकडे टायपिंग करायचा, त्यामुळे आमच्या घराण्यातला वकील तोच. त्याने डोक्याला हात लावला. "ताई, आता तो कशाला निघतोय? आणि एक लक्षात ठेवा, त्याने कुठलाही कागद पुढे केला तर सही करायची नाही. सही केलीत की जन्माचा भाडेकरू करून घेतलात त्याला." झालं. त्या दिवसापासून ह्यांनी सहीची धास्तीच घेतली.

बरं, माणूस भांडखोर असता तर चार शब्द सुनावता आले असते. यांची तऱ्हाच निराळी. नोंदणी झाली त्याच संध्याकाळी त्यांनी आपली खाट आतल्या खोलीतून उचलून बाहेर दाराशी आणली, का तर आतली खोली मालकांची. आम्ही दर रविवारी बसने बिबवेवाडीला जायचो. आम्ही दिसलो की ते उठून उभे राहायचे आणि आम्ही बसल्याशिवाय बसायचे नाहीत. आमच्याच घरात आम्हाला चहा करून द्यायचे आणि वर विचारायचे, "तुमचा गॅस वापरला तर चालेल ना?" एकदा भिंतीतला स्वतःचाच खिळा काढायचा होता, तर आठ दिवस थांबले, रविवारी परवानगी विचारली आणि काढून झाल्यावर भोक चुन्याने बुजवून मला दाखवलं. प्रत्येक बटणाखाली बारीक अक्षरात चिठ्ठी, प्रत्येक किल्लीला दोऱ्याने बांधलेला पुठ्ठा, आणि दिव्यावर तो कधी बसवला ती तारीख. मला कौतुक वाटायचं आणि लगेच भीतीही वाटायची, कारण उद्या निघणारा माणूस कशाला चिठ्ठ्या चिकटवत बसेल? भाऊ तर खाटेचं ऐकून म्हणाला, "बघ, दार अडवून बसलाय."

पहिल्याच रविवारी त्यांनी खणातून कागदांचा एक गठ्ठा काढला, शेवटचं पान उघडलं आणि ह्यांच्यापुढे पेन धरलं. "तेवढी घेणाऱ्याची सही." हे पांढरेफटक पडले. म्हणाले, चष्मा घरी राहिला. पुढच्या रविवारी म्हणाले, आज अमावस्या आहे. ती नव्हती, पण त्या माणसाने कॅलेंडरकडे पाहूनसुद्धा हूं की चूं केलं नाही. तिसऱ्या रविवारी तर ह्यांनी अंगठ्याला चिंधीच गुंडाळून नेली. आधीचे मालक इतके हळहळले म्हणून सांगू! हळद आणली, तेल कोमट केलं आणि चिंधी सोडायला लागले. ह्यांनी हात असा मागे घेतला की कपच पडला. तो कप त्यांचा होता, तरी त्यांनी आमचीच माफी मागितली. निघताना दारात म्हणाले, "सही झाल्याशिवाय मला हलता यायचं नाही हो, साहेब." ही सरळ धमकी आहे, असंच आम्हाला वाटलं.

असे सहा रविवार गेले. अक्षय्यतृतीया आठवड्यावर आली आणि घरमालकीणबाईंनी आमच्या दाराबाहेर मांडवाचं सामान आणून टाकलं. तेव्हा मी ह्यांना न सांगता, मंगळवारी दुपारी, एकटीच बिबवेवाडीला गेले. जाताना बसमध्ये काय काय बोलायचं ते घोकत होते. दार उघडलं आणि घोकलेलं सगळं विसरले. हॉलमध्ये सुतळीने बांधलेली सहा गाठोडी, दोन ट्रंका, वळकटी. सगळ्यावर धूळ बसलेली. बाहेर फक्त चहाचं सामान, एक ताट, एक भांडं आणि खाट.

"काका, हे कधी बांधलंत?"

"नोंदणीच्या चौथ्या दिवशी," ते म्हणाले. "रविवारी तुम्हाला बसायला अडचण नको म्हणून मागच्या बाल्कनीत सारून ठेवतो. तयारच आहे हो मी. चार्ज कुणी घेत नाही."

मग त्यांनी समजावून सांगितलं. त्यांच्या खात्यात बदली झाली की आपल्याकडची एकेक वस्तू पुढच्या माणसाला दाखवून, यादी करून, त्याची सही घ्यायची, याला चार्ज देणं म्हणतात. एकदा घाईत त्यांनी सही न घेता गाव सोडलं. मागे एक लोखंडी कपाट सापडेना. त्या कपाटाची चौकशी निवृत्तीनंतरही तीन वर्षं चालली. "बायको तेव्हा आजारी होती," ते म्हणाले. "मी तारखांना जात होतो. कपाट मिळालं. तोवर ती गेली होती." एवढंच बोलले आणि चहा ठेवायला उठले. सवयीने विचारलं, "तुमचा गॅस..." आणि थांबले.

मी सातवीपर्यंत शिकलेली. पुढचं वाचन पुड्यांच्या कागदांवर आणि वाचनालयात झालं. पण त्या दिवशी मी त्यांच्या यादीची नऊच्या नऊ पानं अक्षर न् अक्षर वाचली. 'पंखा, हॉल, नग एक. तीनवर कुरकुरतो, दोनवर ठेवावा.' 'खिडकी, स्वयंपाकघर, नग एक. पावसात फुगते. ओढू नये, उचलावी.' 'शेजारी, समोरचे, कुटुंब एक. विरजण नेतात, आणून देतात.' 'ऊन, मागची बाल्कनी, नग एक. थंडीत साडेनऊ ते अकरा.' आणि सगळ्यात शेवटी, 'जागा, हॉल, खिडकीखाली, एक माणूस बसेल एवढी. सौ. भाजी इथे निवडत असे. शेरा: उजेड चांगला.'

मी म्हटलं, "पण काका, खरेदीखतावर माझं नाव नाही."

"घर कोण वापरणार?"

"मीच."

"मग सही तुमचीच. ती कशी चालत नाही ते बघतो मी."

मी सही केली, दोन प्रतींवर. भावाला विचारलं नाही, ह्यांना विचारलं नाही. घराच्या कागदावरची ती माझी पहिली सही. तासाभरात टेम्पो आला. त्यांनी किल्ल्या मोजून माझ्या हातात दिल्या, चप्पल घातली आणि उंबऱ्याबाहेर गेल्यावर लक्षात आलं की छत्री आत राहिलीय. तर उंबऱ्याबाहेरूनच मला विचारतात, "आत येऊ का?" दीड महिना हा माणूस कधी जातोय म्हणून मी नवस बोलत होते, आणि आता त्याला त्याच्याच घरात 'या' म्हणायची पाळी माझ्यावर आली. छत्री आणून दिली झालं.

पुढे साताऱ्याहून एक कार्ड आलं. खुशाली वगैरे काही नाही, फक्त 'खिडकी ओढत नाही ना?' मी लिहिलं, उचलते. नंतर कार्ड आलं नाही.

आता हे नाहीत, आणि आमची बिल्डिंग पाडून नवी बांधायची ठरलीय. पुढच्या महिन्यात जागा रिकामी करायची. मी चार्जाची यादी लिहायला घेतली, तर बिल्डरचा माणूस म्हणाला, "आजी, पाडायचंच आहे ना सगळं? किल्ली द्या फक्त." बरोबर आहे त्याचं. तरी रोज दोन ओळी लिहिते. पंखा बदलला, खिडकी आता ॲल्युमिनियमची, समोरचे अमेरिकेला गेले. खिडकीखाली बसूनच लिहिते, उजेड अजून चांगला आहे. काल मागच्या बाल्कनीपर्यंत आले आणि लिहिलं, 'ऊन, नग एक. मिळालं तसंच.' घेणाऱ्याच्या सहीची जागा अजून कोरी आहे.