काकांचा वाटसरू तारा

दत्तूकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी मोठ गावच्या भाजीमंडीत काकड्यांवरून घासाघीस करत होतो. काकड्या तिथेच राहिल्या... आणि झाशी येईपर्यंत मला आठवत राहिली ती जूनमधली एकच दुपार.

काका भौतिकशास्त्राचे रिटायर्ड मास्तर. झाशीच्या नगरा भागातल्या घरी, कॉम्प्युटरवर स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये एका काल्पनिक सूर्याजवळून परका तारा नेऊन बघायचे, तिथला राहण्याजोगा ग्रह टिकतो का. "तारा त्याला शिवतही नाही रे. बाहेरच्या मोठ्या ग्रहांना जरासा ओढून निघून जातो. पुढे युगानुयुगं ते या धाकट्याला छळतात. कक्षा लांबुळकी झाली की समुद्र कधी उकळणार, कधी गोठणार."

"म्हणजे सासू-सुनेत लावून देऊन गावी परतणारी आत्याच की!" मी म्हटलं. काका खोकला येईपर्यंत हसले. "नालायका, वर्गात का नव्हतं सुचत असलं?"

तर ती दुपार. कॉम्प्युटर कित्येक आठवडे अखंड चालू होता, तारा नुकताच जवळून गेला होता आणि लाइट गेली. इन्व्हर्टरवर दोनच गोष्टी: काकांचं ऑक्सिजनचं मशीन आणि तो ग्रह. प्रोग्रॅम बंद पडला की पुन्हा पहिल्यापासून. मधेच जपून ठेवायची सोय हट्टानं केलेलीच नव्हती. मी बिजलीघरात फोन लावला. "भैया, लाइट कब आएगी?"

"ट्रांसफार्मर फुँक गया, भाईसाब. टाइम लगेगा."

शेजारी सिलिंडर आणायला धावले होते. बॅटरी संपत आली, इन्व्हर्टर किंचाळू लागला. काकांनी नाकातली नळी काढून माझ्या हातात दिली. "माझं मशीन बंद कर. सिलिंडर येईपर्यंत... काढतो कळ." ओठ निळसर पडले होते.

काकू कॉम्प्युटरच्या प्लगपाशी गेल्या. "अहो, त्या ग्रहावर कोण राहतं?"

"अजून... कोणी नाही."

"इथे मी राहते," म्हणाल्या, आणि प्लग उपटला.

सिलिंडर वेळेत आलं. काका दोन दिवस काकूंशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा मागितला, साखर जास्त. पुढे पावसाळाभर राहिले, पण प्रोग्रॅम काही पुन्हा लावला नाही.

तेरावं झाल्यावर काकूंनी तो माझ्याकडून पहिल्यापासून सुरू करून घेतला. परवा लाइट गेली. इन्व्हर्टरवर एकटा कॉम्प्युटर, शेजारचा सॉकेट रिकामा. मी तिथे मोबाइल चार्जिंगला लावायला गेलो, तर काकूंनी माझं मनगट धरलं.

"तिथे नको. ती जागा यांची आहे."