वेंडेलने ताट बंद केलं नाही

डुक्कर कापायचं तर वेंडेल कोरपाशलाच बोलवायचं, हा शायो नदीकाठच्या त्या गावातला जुना शिरस्ता. त्याची सुरी एकदाच चालायची, आणि चालवण्याआधी तो जनावराच्या कानामागे खाजवायचा. मसाल्याचं प्रमाण कुणी विचारलं तर म्हणायचा, "मेल्यावर सांगतो." खरं तर हा माणूस पोलाद कारखान्यातला भट्टीवाला. कारखाना बंद पडला आणि हौसेची सुरी पोटाची झाली.

डिसेंबरात डुक्कर कापलं की घरोघर चवीचं ताट जातं. दोन सॉसेज, काळजाचा तुकडा, तळलेल्या चरबीचे चार कुरकुरीत तुकडे. ज्याच्याकडे ताट जातं तो आपला. एखाद्या घरचं ताट बंद केलं की संध्याकाळपर्यंत गावभर होतं, संबंध तुटला म्हणून. भांडायचीसुद्धा गरज नाही.

वेंडेलचं एक ताट ओढ्यापलीकडे रोमा, म्हणजे जिप्सी लोकांच्या वस्तीत, देझो रेझम्युवेशकडे जायचं. देझोने त्याचा जीवबीव वाचवला नव्हता. तसलं सिनेमात होतं. दोघांनी एकोणीस वर्षं एका पाळीत, एका भट्टीवर काम केलं आणि फुटबॉलवरून रोज भांडले, एवढंच. मग एक्क्याण्णव साली कामगार कमी करायची पहिली यादी आली. यादीत सगळे रोमा. साहेबाने सभेत विचारलं, "मान्य?" सगळ्यांचे हात वर गेले. कम्युनिस्ट राजवटीत चाळीस वर्षं बंधुभावाच्या ठरावांना न वाचता वर गेलेले हात ते, त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. वेंडेलचाही गेला. देझो समोरच्या बाकावर बसला होता.

आठ महिन्यांनी दुसऱ्या यादीत वेंडेलचं नाव आलं. या वेळी तर कुणी मान्य का म्हणूनही विचारलं नाही. कारखाना कुणी विकत घेतला, का मोडला, गावाने त्यांचं तोंड कधी पाहिलं नाही. शिव्या द्यायच्या तर कुणाच्या दारात जाऊन देणार? ओढ्यापलीकडची माणसं मात्र रोज दिसायची, मग शिव्या त्यांनाच. शहाणे लोक याची मोठमोठी कारणं शोधतात. शोधू देत बापडे. गावात ते इतकंच सोपं होतं.

सोळा वर्षं गेली. ताट आधी वेंडेलची बायको एतेल पोचवायची, ती गेल्यावर मुलगा लोरिंत्स. त्या डिसेंबरात मात्र लोरिंत्सच्या अंगावर, रोमांना धाक दाखवत गावोगाव संचलन करणाऱ्या राष्ट्ररक्षक दलाचं काळं जाकीट होतं.

"मी नेणार नाही."

"का, पाय दुखतात?"

"थट्टा नको, बाबा. तीन वाजता त्याच वस्तीतून आमचं संचलन आहे. सकाळी ताट घेऊन जाऊ आणि दुपारी बूट आपटत?"

"मग आपटू नकोस बूट."

"तुम्हाला काय माहीत! ऑस्ट्रियात सहा वर्षं डुकरं सोलली मी त्यांची. एका खोलीत आठ जण. एकानेही नावाने हाक मारली नाही. दलात मला माणूस म्हणून ओळखतात!"

पोरगा खोटं बोलत नव्हता, हे वेंडेल जाणून होता. मग म्हणाला, "ज्यांनी हाक मारली नाही त्यांच्या दारात जा की आपटायला. देझोने काय केलंय तुझं?"

अंगणात दलाचा प्रमुख चोंगोर फुकटचं खात उभा होता. तो घास चावतच बोलला, "काका, ताट तिकडे गेलं तर पुढच्या पाच घरची डुकरं दुसरा कापेल. मी बोलून ठेवलंय."

"आधी तोंडातलं गिळ. सॉसेज माझंच आहे ते."

वेंडेलने ताट उचललं. वरचं फडकं काढून ठेवलं आणि भर दुपारी मोठ्या रस्त्याने निघाला. एका खिडकीतून बाई ओरडली, "काका, उद्या नको हं यायला!"

"बरं झालं! डुक्कर तरी वाचलं," वेंडेल म्हणाला. पोटावर पाय आला होता, पण तोंड कुठे थांबतंय.

देझोने दार किलकिलं उघडलं. "वेड लागलं का तुला? आज? तू शूर होशील आणि काचा माझ्या फुटतील."

हे वेंडेलच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो ओशाळला. मग पायरीवरचं बर्फ हाताने झाडून त्याने तिथेच बैठक मारली.

"मग मी इथेच बसतो. फोडायच्या तर माझ्या डोक्यावरून फोडू देत."

"एक्क्याण्णव साली बसायचं होतंस असं."

"तेव्हा घाबरलो मी. हात वर केला. सोळा वर्षं लाज वाटतेय मला त्याची, देझो."

देझो आत गेला. मग पाव घेऊन आला आणि कुरकुरत शेजारी बसला.

तीनला बूट वाजले. चाळीसेक जण, तिसऱ्या रांगेत लोरिंत्स. वस्तीतली दारं पटापट लागली. वेंडेल उठून उभा राहिला आणि भट्टीच्या आवाजावर ओरडायची सवय असलेल्या गळ्याने ओरडला, "लोरिंत्स! सकाळपासून उपाशी आहेस! ये, जेवून जा!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. रांगेचा ताल चुकला. चोंगोर खेकसला. लोरिंत्सचं तोंड लालेलाल झालं, मान खाली गेली, पण पाय थांबले नाहीत. काळी जाकिटं ओढ्याच्या वळणावर दिसेनाशी झाली. काच एकही फुटली नाही.

वेंडेल पुन्हा पायरीवर बसला.

"धंदा गेला तुझा," देझो म्हणाला. "पोरगाही गेला."

"पुढच्या शनिवारी परत इथूनच जाणार ना ते?"

"दर शनिवारी येणार म्हणतात."

"मग दर शनिवारी मी या पायरीवर. रोमांच्या दारावरून कुणीही बूट आपटत जातो. लोरिंत्सला दर वेळी बापासमोरून जाऊन दाखवू दे."